सफेतला साडेचार वर्षांचा मुलगा : एक प्रकरण

हे लिहून काढायचं कारण एवढंच की असले प्रसंग जवळजवळ प्रत्येक मशिदीत होतात आणि त्यावर ठरलेलं दोनच प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक म्हणतो लहान पोरांना आणूच नका, दुसरा म्हणतो पोरं आहेत, दंगा करणारच, आणि विषय तिथेच संपतो. या प्रकरणात तो जरा पुढे गेला म्हणून सविस्तर लिहितोय. नावं कुणाचीच देत नाही. मी मशिदीच्या कमिटीत आहे आणि मकतबमध्ये, म्हणजे मशिदीच्या धार्मिक शाळेत, लहान मुलांना शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडची माणसं माझ्याशी मोकळेपणानं बोलली.

झालं असं. इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजची जमात होती, सगळ्यांनी मिळून पढायची, चार रकात (नमाजचे टप्पे) फर्ज म्हणजे बंधनकारक. मुलगा साडेचार वर्षांचा, वडिलांबरोबर आलेला. आधी तो वडिलांच्या शेजारीच उभा राहायचा, पण काही दिवसांपूर्वी कुणीतरी वडिलांना टोकलं होतं की मुलांची सफ, म्हणजे रांग, सगळ्यात मागे असते, मोठ्यांच्या मध्ये कशाला उभं करता. त्यामुळे त्या दिवशी वडिलांनी त्याला मागे पाठवलं, तिथे आणखी पाच-सहा मुलं होती, सगळी आठ-नऊच्या आतली, आणि मोठं माणूस जवळ एकही नाही. पहिल्या रकातीत ढकलाढकली, दुसऱ्या रकातीत खुसखुस आणि मग सरळ पळापळी. तिसऱ्या रकातीत हा मुलगा मागची सफ सोडून पुढे आला, माणसांच्या मधून वाट काढत दुसऱ्या सफेपर्यंत पोचला, तेवढ्यात सगळे रुकूतून, म्हणजे वाकलेले असताना, उठले आणि सज्द्यात, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवायला, जायला लागले. वडिलांपासून दोन माणसं सोडून एक वयस्कर चाचा उभे होते, पहिल्या अजानपासून मशिदीत असणारे, गुडघ्यांचा जुना त्रास, तरी खुर्चीवर नमाज नको म्हणून जमिनीवरच सज्दा करतात. ते खाली जात होते आणि त्यांच्या कपाळाच्या जागीच हा मुलगा येऊन पालथा पडला. चाचा अर्ध्यावर अडकले. हात टेकायला जागा नाही, गुडघा टेकवावा तर पोराच्या पाठीवर. कसेबसे एका बाजूला झुकून खाली गेले, इमामसाहेबांच्या बऱ्याच मागे पडले.

सलाम फिरला, नमाज संपली, आणि चाचा ओरडले. खूप मोठ्यानं. आणखी दोघांनी त्यात भर घातली, एकानं तर मुलाचा दंड धरून त्याला बाजूला केलं. मुलगा रडायला लागला, वडिलांनी त्याला उचललं आणि सुन्नत, वित्र या पुढच्या नमाज न पढता निघून गेले. रात्री ग्रुपवर मेसेजवर मेसेज, आणि सकाळपर्यंत कमिटीकडे मागणी आली की दारावर नोटीस लावा, 7 वर्षांखालच्या मुलांना मशिदीत आणू नये.

नंतर वडील दिसेनात. कामाच्या जागेजवळच्या दुसऱ्या मशिदीत ते एकटे जात होते, घरी असले की घरीच पढत होते. मुलगा मशिदीचं नाव काढलं की आईच्या मागे लपत होता. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, कारण नमाज शिकायच्या वयात एका मुलाच्या मनात मशीद म्हणजे दंड धरून ओढणारी जागा अशी बसत होती.

कमिटीत ठरलं की नोटीसचा निर्णय लगेच नको, आधी सगळ्यांशी बोलू. बोलायचं काम माझ्याकडे आलं.

आधी चाचांकडे गेलो. मला वाटलं होतं ते आवाजाबद्दल, बेअदबीबद्दल बोलतील. त्यांनी ते बोललंच नाही फारसं. ते म्हणाले, "मी त्या पोरावर पडलो असतो तर काय झालं असतं ते सांग मला. माझं वजन बघ, त्याचा जीव बघ. खाली जाताना माझा माझ्यावर ताबा नसतो रे." हे ऐकून सगळं प्रकरणच वेगळं दिसायला लागलं. तो राग घाबरण्यातून आला होता. आणि त्यांची दुसरी तक्रारही खरी होती, की ते नमाजमध्ये पायाशी काही येतंय का याच्याच विचारात असतात, पढलेलं कळत नाही. नमाजमध्ये मन लागणं, ज्याला आपण खुशू म्हणतो, त्याचा हक्क चाचांनाही आहेच. मुलांची बाजू घेणारे हा मुद्दा फार लवकर सोडून देतात असं मला वाटतं.

वडिलांचं म्हणणं साधं होतं. "माझ्याजवळ उभा असायचा तेव्हा कधी सफ सोडली का त्यानं? मागे पाठवा म्हणालात, पाठवला, मग त्यावरून मलाच बोलणी." त्यांना अपमान झाल्याचं दुःख होतं, पण त्याहून जास्त हे की मुलाला सगळ्यांसमोर हात लावला गेला आणि ते काही बोलू शकले नाहीत.

आणि मुलाशी बोललो, म्हणजे त्याच्या घरी बसून, त्याच्या खेळण्यांशी खेळत. मध्येच विचारलं की त्या दिवशी पुढे का आलास. तो म्हणाला, अब्बा दिसत नव्हते. मग म्हणाला, सज्दा आला म्हणून सज्दा केला. म्हणजे तो पालथा पडला ते खेळ म्हणून नव्हतं, वडिलांना शोधत आला, वडिलांपर्यंत पोचायच्या आत सज्दा आला, आणि त्यानं शिकवल्याप्रमाणे कपाळ टेकलं, जिथे होता तिथे.

यानंतर इमामसाहेबांबरोबर बैठक झाली, कमिटी, चाचा, मुलाचे वडील, आणि मुलांच्या आया पडद्यामागच्या भागात, तिकडे आवाज जाईल अशी सोय करून. बैठकीत एकानं हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, सांगितली की आपल्या मशिदींना मुलांपासून आणि वेड्यांपासून दूर ठेवा. इमामसाहेबांनी शांतपणे सांगितलं की हे वाक्य इब्न माजा या हदीसच्या संग्रहात आहे हे खरं, पण हदीसच्या जाणकारांनी त्याची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, जईफ म्हणजे कमजोर ठरवली आहे, त्याच्या आधारानं दार बंद करता येत नाही, आणि त्याच्या विरुद्ध बाजूला ज्या सही, म्हणजे विश्वसनीय, हदीस आहेत त्या तर ढीगभर आहेत.

मग त्यांनी त्या एकेक सांगितल्या. अबू कतादा यांची रिवायत, म्हणजे त्यांनी सांगितलेला प्रसंग, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, की हजरत पैगंबर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम आपली नात उमामा हिला अंगावर घेऊन नमाज पढत होते, सज्द्यात जाताना तिला खाली ठेवत आणि उठताना परत उचलून घेत, आणि मुस्लिमच्या रिवायतीत हेही आहे की ते तेव्हा लोकांची इमामत करत होते. दुसरी नसाई या संग्रहातली, शद्दाद यांची, की एका नमाजमध्ये सज्दा इतका लांबला की लोकांना वाटलं काही घडलं की काय, किंवा वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, येतेय, आणि नंतर पैगंबरांनी सांगितलं की माझा मुलगा, म्हणजे नातू, माझ्या पाठीवर बसला होता, त्याचं मन भरेपर्यंत त्याला घाईनं उतरवणं मला आवडलं नाही. तिसरी तर सगळ्यांना माहीत असते, की मी नमाज लांब करायच्या इराद्यानं उभा राहतो आणि मूल रडल्याचा आवाज ऐकतो तेव्हा नमाज आटोपती घेतो, त्याच्या आईला त्रास होऊ नये म्हणून. यात बघा, रडणाऱ्या मुलाच्या आईला उद्यापासून येऊ नको असं कुठेही नाही, बदल इमामानं स्वतःच्या नमाजमध्ये केलाय. आणि एकदा इशाला इतका उशीर झाला की हजरत उमर यांनी हाक दिली, बायका आणि मुलं झोपून गेली. म्हणजे इशासारख्या रात्रीच्या नमाजला मुलं मशिदीत असायची.

आता 7 वर्षांचा मुद्दा. अबू दाऊदमधली हदीस आहे की मुलं 7 वर्षांची झाली की त्यांना नमाजचा हुकूम द्या, 10 व्या वर्षी सक्तीचा उल्लेख आहे. नोटीस मागणारे याच आकड्यावर उभे होते. पण ही हदीस आईवडिलांना सांगते की हुकूम कधीपासून द्यायचा, ती मशिदीच्या दाराबद्दल काही बोलत नाही. इमामसाहेबांनी एक हिशेब मांडला तो मला फार पटला, 7 ते 10 ही तीन वर्षं, रोजच्या पाच नमाज, म्हणजे पाच हजारांहून जास्त वेळा नुसतं सांगायचं, समजवायचं, बरोबर न्यायचं, आणि ज्या मुलाला 7 च्या आधी मशीद बघायलाच मिळाली नाही त्याला सातव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी एकदम सफेत उभं राहता येईल ही अपेक्षा तुम्ही कशी करता.

खरी चर्चा मात्र सफेवर झाली, आणि माझ्या मते प्रकरणाची गाठ तिथेच होती. पुढे मोठी माणसं, त्यांच्यामागे मुलगे, ही रचना फिकहमध्ये, म्हणजे धर्माच्या नियमशास्त्रात, आहेच, आणि पैगंबरांनी सांगितलंय की तुमच्यातले समजदार लोक माझ्या जवळ उभे राहोत. पण इमामसाहेब म्हणाले की हनफी पंथाच्या फिकहच्या नंतरच्या काळातल्या काही आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, स्वतःच लिहून ठेवलंय की मुलं एकत्र जमली की एकमेकांची नमाज बिघडवतात आणि तो त्रास मोठ्यांच्या नमाजपर्यंतही पोचतो, म्हणून त्यांना मोठ्यांच्या सफांमध्ये विभागून उभं करणं जास्त योग्य. मूल एकटंच असेल तर तसंही ते मोठ्यांच्या सफेतच उभं राहतं. पैगंबरांचे साथी अनस रजि. यांच्या घरी पैगंबरांनी नमाज पढवली तेव्हा अनस आणि एक यतीम म्हणजे अनाथ मुलगा त्यांच्या मागे एका सफेत होते आणि म्हातारी आजी त्यांच्या मागे. आणि इब्न अब्बास, तेव्हा लहान होते, रात्री मावशी मैमूना यांच्या घरी पैगंबरांच्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले, तर नमाज चालू असतानाच पैगंबरांनी त्यांना धरून उजव्या बाजूला घेतलं. ओरडले नाहीत, नमाज थांबवली नाही, हातानं जागा दाखवली, झालं. शेजारी उभं असलेलं माणूस एवढं करू शकतं. मागच्या सफेत शेजारी कुणीच नसतं, तिथे साडेचार वर्षांच्या मुलाला जागा कोण दाखवणार, आठ वर्षांचा?

म्हणजे आपणच मुलांना मोठ्यांपासून तोडून एका ठिकाणी गोळा करतो आणि मग गोंधळ झाला की मुलांना दोष देतो. ही सवय बदलल्याशिवाय कितीही नोटिसा लावल्या तरी काही होत नाही असं माझं ठाम मत आहे.

एक सूचना अशीही आली की लहानांना बायकांच्या भागात पाठवा. त्यावर पडद्यामागून जे उत्तर आलं ते लिहिलंच पाहिजे. एक आई म्हणाली की आमच्याकडे आधीच सगळी तान्ही मुलं आहेत, वडील आले तरी मूल आमच्याकडे, नाही आले तरी आमच्याकडे, मग खुशू फक्त पुरुषांनाच हवा का. यावर कुणाकडे उत्तर नव्हतं आणि ती सूचना तिथेच मागे घेतली गेली. मला वाटतं हे बोलणं त्या दिवशी झालं नसतं तर नोटीसऐवजी हाच मार्ग निघाला असता, सगळ्यांना सोपा म्हणून, आणि सगळा भार परत एकाच बाजूला गेला असता.

ठरलं काय ते आता. मागची मुलांची वेगळी सफ बंद. जे मूल ज्या मोठ्या माणसाबरोबर आलंय ते त्याच्याच शेजारी उभं राहील, जवळचं नातेवाईक नसेल तर कमिटीतला किंवा मकतबचा कुणीतरी त्याला शेजारी घेईल. ज्याला नमाज म्हणजे काय ते कळतं, वुजू, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुणं, करून उभं राहता येतं, असं मूल सफेत धरलं जाईल, त्याच्यामुळे सफ तुटत नाही. त्याहून लहान, म्हणजे आमचा हा मुलगा धरून, जे मध्येच बसतं, वळतं, चालायला लागतं, त्यांचे वडील शेवटच्या सफेच्या डाव्या टोकाला उभे राहतील आणि मूल टोकाच्या बाहेरच्या अंगाला. त्यामुळे मूल हललं तरी मध्ये भगदाड पडत नाही, आणि मुख्य म्हणजे सज्द्यात जाणाऱ्या कुणाच्याही पुढे ते येत नाही. उशिरा येणाऱ्यांनी त्या सफेत उजव्या बाजूनं भर घालायची. चाचांची जी खरी भीती होती तिचं उत्तर यात आहे, म्हणून ते सगळ्यात आधी तयार झाले.

वडिलांनी इमामसाहेबांना विचारलं की नमाजमध्ये मूल निघालं तर मी काय करू. उत्तर असं मिळालं की हात धरणं, जवळ ओढणं अशा थोड्या हालचालीनं नमाज मोडत नाही. मूल पडतंय, जिन्याकडे चाललंय, इजा होईल अशी भीती आहे, तर नमाज तोडून त्याला धरा, नंतर परत पढा, जीव वाचवण्यासाठी नमाज तोडणं हे तर वाजिब म्हणजे आवश्यक आहे. आणि शूची वेळ झाली असेल तर तेही आधीच बघून या, डायपर ओलं असलेल्या मुलाला उचलून नमाज पढू नये, कारण अंगावर नजासत म्हणजे घाण घेऊन नमाजचा प्रश्न येतो. कपड्याचं नक्की माहीत नसेल तर तो पाक धरायचा, उगाच संशय घेत बसायचं नाही. मशिदीत मुलानं लघवी केलीच तर पाणी ओता, जागा साफ करा. त्या बदूची, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबाची, गोष्ट तर प्रसिद्धच आहे, मशिदीत लघवी करणाऱ्या मोठ्या माणसावर लोक धावून गेले तेव्हा पैगंबरांनी त्यांना थांबवलं आणि नुसती पाण्याची बादली ओतायला सांगितली.

जुम्म्याचा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजचा, मुद्दा वेगळा घ्यावा लागला. खुतबा, म्हणजे इमामाचं प्रवचन, चालू असताना शेजाऱ्याला नुसतं गप्प बस म्हणालात तरी तुम्ही लग्व म्हणजे निरर्थक काम केलंत, असं बुखारी-मुस्लिममध्ये आहे. आणि आमच्याकडे काय व्हायचं, एक मूल कुजबुजलं की चार माणसं शू शू करायची, मुलाचा आवाज अर्धा मिनिट आणि मोठ्यांचा दोन मिनिटं. इमामसाहेबांनी मिंबरवरून, म्हणजे खुतब्याच्या व्यासपीठावरून, नाही तर खुतब्याच्या आधीच्या बयानात हे स्पष्ट सांगितलं, की मुलाला गप्प करायचं तर इशाऱ्यानं, हात ठेवून, तोंडानं नाही, आणि ते काम फक्त त्याला घेऊन आलेल्याचं. त्यांनी हेही सांगितलं की पैगंबरांचे नातू हसन आणि हुसैन लाल कपडे घालून अडखळत मशिदीत आले तेव्हा खुतबा चालू होता आणि पैगंबर मिंबरवरून खाली उतरले, दोघांना उचलून आणलं आणि मग पुढे बोलले.

एक अट वडिलांवरही घातली गेली आणि मला ती योग्य वाटते. मुलाला आणायचं तर त्याची तयारी करून आणायचं, भुकेलं, झोपेला आलेलं, तापलेलं मूल इशाला आणायचं नाही, खेळणी आवाजाची नकोत, आणि जमात सुरू व्हायच्या आधी त्याला सांगायचं की आता काय काय होणार आहे. मूल फारच बिथरलं तर बाहेर घेऊन जायचं, त्यात लाज नाही. इथे लोक मला विचारतात की मग त्या वडिलांची जमात गेली त्याचं काय, 27 पट सवाब म्हणजे पुण्य गेलं. मी आलिम नाही, मी एवढंच सांगतो की उमामाला उचलून नमाज पढवणाऱ्यांच्या उम्मतीत, म्हणजे अनुयायांत, मुलासाठी बाहेर गेलेल्या बापाला कुणी नाव ठेवू नये.

दंड धरणाऱ्या माणसाशी मी स्वतंत्र बोललो. दुसऱ्याच्या मुलाला मशिदीत कुणीही हात लावणार नाही, हा नियम त्यानंतर कमिटीनं एकमतानं केला आणि यात कुठलाही अपवाद ठेवला नाही. त्या माणसानं वडिलांकडे जाऊन माफी मागितली. चाचा तर बैठकीच्या आधीच त्यांच्या घरी जाऊन आले होते.

मुलगा लगेच आला नाही. घाई करू नका असं मीच वडिलांना म्हणालो होतो. आधी नमाजची वेळ नसताना तो वडिलांबरोबर येऊन रिकाम्या मशिदीत फिरला, वुजूची जागा बघितली, मिंबर बघितला, मग एकदा असरला, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजला, आला, असर मुद्दाम निवडली कारण गर्दी कमी आणि किरात, म्हणजे कुराणाचं पठण, मनातल्या मनात असल्यामुळे जमात लवकर होते. टोकाला उभा राहिला, मध्येच बसला, परत उठला. त्याच्या वयाला एवढं पुष्कळ आहे. मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत, आता नियमित येतो, इशा अधूनमधून.

तरावीहबद्दल, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजबद्दल, वेगळं ठरवलं, लहान मुलं इशाच्या फर्जला थांबतील आणि मग तरावीहच्या पहिल्या चार रकातींनंतर कुणीतरी मोठं माणूस त्यांना घरी सोडेल, आळीपाळीनं. वीस रकात साडेचार वर्षांच्या मुलाला उभं करणं हा त्याच्यावरही जुलूम आणि शेजाऱ्यावरही. आळीपाळीच्या यादीत सुरुवातीला फक्त बापांचीच नावं होती, नंतर ज्यांची मुलं मोठी झालीत अशांनीही नावं दिली.

जे अजून जमत नाही ते जुम्म्याचं डावं टोक. शेवटची सफ कुठली हे गर्दीच्या दिवशी तकबीर, म्हणजे नमाज सुरू होतानाचं अल्लाहु अकबर, होईपर्यंत ठरतच नाही, लोक येत राहतात, मागे नवीन सफ सुरू होते, आणि लहान मुलाला घेऊन उभा असलेला बाप एकदम मधल्या सफेत सापडतो, टोकाला नवीन माणूस येऊन लागलेलं असतं आणि मूल दोघांच्या मध्ये. सध्या आम्ही भिंतीलगतची एक पट्टी तकबीरपर्यंत राखून ठेवतो आणि दारापाशी एकजण उभा राहून येणाऱ्यांना उजवीकडे वळवतो, पण तो माणूस स्वतः जमातीत उशिरा सामील होतो, त्याची पहिली तकबीर दर जुम्म्याला जाते. यावर इमामसाहेबांनी अजान झाल्याबरोबरच वडील-मुलांना आधी बसवून घ्यायचं सुचवलंय, पुढच्या जुम्म्यापासून ते करून बघणार आहोत.